सहीपुरता संबंध

३ फेब्रुवारी

थोरलीच्या आईंना,

फोन तुम्ही उचलत नाही. तीनदा करून पाहिला. म्हणून हे पत्र भुंग्याच्या दप्तरात ठेवते आहे. तो पाकीट उघडणार नाही. थोरली उघडेल, म्हणून वर चिकटपट्टी लावली आहे.

कामाचं लिहिते. जूनच्या सुट्टीत आम्ही इटलीला जायचं ठरवलं आहे. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या आणि व्हेनिस, बारा दिवस. मुलांचे बाबा, मी आणि दोन्ही मुलं. विमानाची, रेल्वेची, राहण्याची आरक्षणं झाली आहेत. सोबत दिवसवार तक्ता जोडला आहे. हॉस्पिटलात दोनशे चाळीस नर्सांच्या ड्यूट्या मी लावते, तेव्हा चार माणसांचे बारा दिवस लावणं मला जड गेलं नाही.

दुसऱ्या कागदावर खाली डावीकडे तुमची सही हवी आहे. आईबाप वेगळे राहत असले तर दोघांच्या सह्यांशिवाय मुलांना देशाबाहेर नेता येत नाही. तुमचं मत विचारलं जातंय असा अर्थ काढू नका. हा नियम आहे.

मुलांनी जग पाहावं याला कुणाची हरकत नसावी. ज्यांना स्वतःला ते दाखवता आलं नाही, त्यांची तर मुळीच नसावी.

महिनाअखेरपर्यंत कागद परत मिळावा.

मुलांच्या बाबांच्या घरून


१० फेब्रुवारी

बाई,

पत्राखाली तुमचं नाव नव्हतं, आणि मला ते लिहायची हौस नाही. म्हणून नुसतं बाई.

तक्ता पाहिला. सहा चाळीसला उठणे, सात दहाला नाश्ता, पावणेआठला निघणे. पिसासाठी दोन तास दहा मिनिटं. मुलं आहेत की टपालाची पाकिटं? एका गावचा शिक्का बसला की चालली पुढच्या गावाला. भुंग्याला सकाळी संडासात वीस मिनिटं लागतात, तीही चित्रांचं पुस्तक घेऊन. ती कुठल्या रकान्यात घातली आहेत ते मला सापडलं नाही. बसमध्ये बसला की चौथ्या वळणाला तो ओकतो. थोरली भूक लागली की भूक लागली म्हणत नाही, गप्प होते, आणि ज्यांना माहीत नाही ते म्हणतात, मुलगी फुगली. तुम्हीही म्हणाल.

दुसरं. तुमचा नवरा येणार नाही. मी त्या माणसाबरोबर अकरा वर्षं काढली. तेवढ्यात चार प्रवास ठरले आणि एकही झाला नाही. ऐन वेळेला कुठली तरी लिफ्ट अडकते आणि ती दुरुस्त करायला जगात दुसरा कुणी नसतो. तुम्ही घरात आल्यापासून लिफ्टा अडकायच्या थांबल्या असतील तर देव पावला.

मी दातांच्या कवळ्या करते. खायचे दात आणि दाखवायचे दात माझ्याइतके जवळून कुणी पाहिले नसतील. तुमचं हे इटलीचं प्रकरण दाखवायच्या दातांतलं आहे.

सही करत नाही. कागद परत पाठवते. तक्ता ठेवून घेते, आल्यागेल्याला दाखवायला बरा आहे.

दोन मुलांची आई


१७ फेब्रुवारी

थोरलीच्या आईंना,

दुखतंय तुमच्या पोटात आणि नाव भुंग्याच्या ओकारीचं, एवढं तुमच्या पत्रातून कळलं.

पिसा आणि बोलोन्या काढून टाकलं आहे. तुम्ही लिहिलंत म्हणून नव्हे, भुंग्यासाठी. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस राहिलं. सकाळचं निघणं नऊवर नेलं. भुंगा माझ्याबरोबर पुढच्या सीटवर खिडकी उघडून बसला की ओकत नाही, हे तुम्हाला माहीत नसावं. तुमच्याकडे का ओकतो ते तुम्ही बघा.

मुलांचे बाबा येणार आहेत. त्यांची रजा मंजूर झाली आहे, कागद मी डोळ्यांनी पाहिला. माणूस एका घरात जसा वागतो तसाच दुसऱ्या घरात वागेल असं नाही. घरावरही असतं.

आणि मुलांची काळजी कशी घ्यावी हे तुम्ही मला शिकवू नये. चार वर्षांच्या मुलीला बुटांच्या दुकानासमोर दोन तास विसरून गेलेल्या आईनं तर नाहीच. मला सगळं सांगितलेलं आहे. आजवर मी त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. तुम्हीच बोलायला लावलंत.

कागद पुन्हा पाठवते.

मुलांच्या बाबांच्या घरून


१८ फेब्रुवारी

हे पत्र दप्तरातून पाठवत नाही. पोस्टानं पाठवते, मुलांच्या हाती पडायला नको.

त्या दिवशी ती बापाबरोबर होती. तिला शाळेचे बूट घ्यायला दोघं गेले होते, मी लॅबमध्ये कामावर. त्याला फोन आला. कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट अडकली, आत सात माणसं. त्यानं हिला दुकानाच्या दारात उभं केलं, "इथून हलू नकोस, आलोच," म्हणाला आणि गेला. दुकानदाराला वाटलं, समोरच कुठं तरी गेला असेल. बऱ्याच वेळानं त्यानं तिच्या पिशवीवर लिहिलेला माझा नंबर पाहिला. मी पोचले तेव्हा ती होती त्याच फरशीवर उभी होती. हलू नकोस सांगितलं होतं ना. मोजे ओले झाले होते, तरी हलली नव्हती.

सात माणसं सुखरूप सुटली. त्याला मानपत्र मिळालं, पेपरात फोटो आला. मी रागावले तर माझी सख्खी बहीण म्हणाली, "अगं, सात जीव वाचवले त्यानं." अशा माणसावर चिडायचं तरी कसं, हे मला सहा महिने कळलं नाही. मग मी मुलांना घेऊन निघाले.

तो वाईट नाही. त्याला फोन येतो आणि तो जातो. पण ही गोष्ट त्यानं माझ्या नावावर खपवली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ते मानपत्र तुझ्या बैठकीच्या खोलीत आहे. थोरली सांगते, तू दर रविवारी काच पुसतेस. त्यावर तारीख आहे आणि वेळही आहे. सोबत दुकानदाराची चिठ्ठी जोडते. त्यानं मला तेव्हाच लिहून दिली होती: मुलीचे वडील सव्वातीनला ठेवून गेले, आई पाच वाजून दहा मिनिटांनी घेऊन गेल्या. दोन्ही शेजारी ठेवून बघ. पुसताना वाचत नसशील कधी.

चिठ्ठी परत हवी.


१६ मार्च

थोरलीच्या आईंना,

तारीख एकच आहे. चिठ्ठी परत पाठवते.

त्यांना विचारलं. "तुला मी असं सांगितलं होतं?" एवढंच म्हणाले. मग पाणी प्यायला उठले, आणि परत आले ते कुठल्याशा केबलबद्दल बोलत.

जे मला सांगितलं ते मी खरं धरलं. लग्न केलेल्या माणसाचं बोलणं पडताळून पाहायची मला सवय नव्हती. तुम्हाला जे लिहिलं ते लिहायला नको होतं. याहून जास्त माझ्याकडून निघणार नाही. तुम्ही मला आवडायला लागलात असंही समजू नका, आणि मला अगं-तुगं केलेलं चालत नाही.

आता पुढचं वाक्य. ते लिहायला तीन दिवस लागले. मुलांचे बाबा येत नाहीत. विमानतळाच्या नव्या इमारतीत एकोणीस लिफ्टा सुरू करायच्या आहेत आणि तारखा नेमक्या त्याच. रजा त्यांनी स्वतःच मागे घेतली, मला दुसऱ्याकडून कळलं.

हसून घ्या.

मुलांना अजून सांगितलेलं नाही. थोरली शब्दकोश घेऊन बसते आणि दूधवाल्यालासुद्धा 'बोन्जोर्नो' म्हणते. भुंग्यानं बॅग भरली आहे, तिच्यात टॉर्च, पोहायचा चष्मा आणि एकच मोजा आहे. या दोघांना जायचं नाही असं सांगणं मला जमणार नाही.

मी एकटी नेईन. नवा कागद जोडला आहे. बापाची सही आहे. बरोबर जाणारी व्यक्ती म्हणून फक्त माझं नाव आहे.


२३ मार्च

बाई,

हसणार होते. जमलं नाही.

पण सही नाही. तुम्ही कोण त्यांच्या? बापाची बायको, तीही बाप सोबत नसताना. उद्या व्हेनिसच्या एखाद्या पुलावर भुंगा हात सोडवून पळाला तर तुमच्या पोटात कालवेल, की नुसता तक्ता चुकेल?

त्यापेक्षा असं करा. प्रवास मला द्या. मी रजा काढते, मुलांना मी नेते. आरक्षणं माझ्या नावावर करून द्या आणि तुमचे कागद पाठवा. मुलांचा हिरमोड होणार नाही आणि तुमची जबाबदारीही टळेल. तुम्हाला खरंच मुलांचं भलं हवं असेल तर याला नाही म्हणायचं कारण नाही.

नाही म्हणालात तर मला काय समजायचं ते समजेल.

दोन मुलांची आई


२६ मार्च

थोरलीच्या आईंना,

नाही म्हणते. काय समजायचं ते समजा.

आठ महिने मी हे करते आहे. फ्लॉरेन्सच्या खोलीची खिडकी जमिनीपासून किती उंचावर उघडते, हे मी पत्र पाठवून विचारलं. व्हेनिसमध्ये बिनकठड्याच्या काठानं चालायला लागू नये म्हणून लांबचा रस्ता शोधला. भुंग्याला पोहायच्या शिकवणीला कुणी घातलं, तुम्हाला माहीत आहे? तो माझ्याकडे असतो त्या शनिवारी मी त्याला नेते. तुम्हाला वाटतं शाळेतर्फे आहे. त्यानंच तसं सांगितलं असणार, कारण माझं नाव काढलं की तुमचा चेहरा कसा होतो हे त्याला ठाऊक आहे. आठ वर्षांच्या मुलाला हे ठाऊक असावं, याचा विचार करा कधी.

तुमची जागा मागत नाही. ती मला पेलणारही नाही. बारा दिवस मागते आहे.

पोटात कालवेल की नाही हे कागदावर कसं दाखवणार? येत्या चार तारखेला शनिवार आहे. दोघांना घेऊन शेजारच्या शहरातल्या संग्रहालयात जाते. जाताना दोन गाड्या आणि एक वळणावळणाची बस आहे. रंगीत तालीम समजा. आल्यावर मुलांनाच विचारा, मी त्यांना काही पढवणार नाही.


११ एप्रिल

बाई,

मुलांना विचारलं नाही. मी मागच्या डब्यात होते.

आठ दहाच्या गाडीत तुम्ही भुंग्याला खिडकीशी बसवलंत. बसमध्ये पुढची सीट मिळाली नाही आणि तो ओकला, चौथ्या वळणालाच. पिशवी तुमच्या हातात तयार होती, पण त्याचा नेम चुकला आणि सगळं तुमच्या गळ्यातल्या रुमालावर आलं. तो बघत होता तोवर तुमचा चेहरा सरळ होता. त्यानं मान वळवली तेव्हा तुम्ही तोंड वाकडं केलंत. मी मागच्या दाराशी उभी होते, काचेत दिसलं.

संग्रहालयात थोरली गप्प झाली. तुम्ही काही न विचारता पिशवीतून पाव काढून दिलात. तिची भूक तुम्ही ओळखलीत की माझं पत्र पाठ केलंत, मला माहीत नाही.

सामान ठेवायच्या खिडकीशी तिला एकटीला उभं केलंत. सहा मिनिटं. घड्याळ लावून मोजली. तुम्ही भुंग्याला आत संडासला नेलं होतंत, हे मला कळतं. तरी सहा मिनिटं. ती मुलगी उभं राहा म्हटलं की अजून तशीच उभी राहते.

परतताना भुंगा उचलून घे म्हणत होता. तुम्ही नाही म्हणालात आणि तो चालला. मी घेतलं असतं. रडला नाही, उलट तुमच्याशी काही तरी बडबडत होता. ते मला ऐकू आलं नाही आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त मला त्याचाच त्रास झाला.

तुमचा फोन अकरा वेळा वाजला. दर वेळी तुम्ही कुणाचा आहे ते पाहिलंत आणि परत खिशात टाकलात.

सही केली आहे. विश्वास बसला म्हणून केली असं म्हणू नका. तुम्ही मला पहिल्या पत्रापासून आवडत नाही आणि पुढंही आवडणार नाही. पण फोन वाजतो आणि जी उचलत नाही, तिच्यापुरती ही सही आहे. यापुढं आपला संबंध नाही. मुलं रोज संध्याकाळी मला फोन करतील, एवढं तक्त्यात घाला.

पोहण्याच्या शिकवणीचं मला सांगायला हवं होतं. कुणी सांगायला हवं होतं, ते मी अजून ठरवलेलं नाही.


१४ एप्रिल

थोरलीच्या आईंना,

सही मिळाली.

तपकिरी कोट, संग्रहालयाच्या दारातला तिसरा खांब. तुम्ही दिसत होतात. भुंग्यालाही दिसलात. "आईसारखी एक बाई आहे," म्हणाला. मी म्हटलं, असतात अशा.

फोन त्यांचेच होते. घरातला डबा कुठं ठेवलाय ते विचारायला.

संध्याकाळचे फोन तक्त्यात घातले आहेत, सात वाजता.


फ्लॉरेन्स, २१ जून

थोरलीच्या आईंना,

हे पत्र आमच्या आधी पोचेल का, माहीत नाही. फोनवर सांगता येत नाही, मुलं शेजारी असतात.

आज सकाळी आम्ही मोठ्या चर्चच्या रांगेत उभे होतो. दीड तास झाला होता, पुढं दहाबारा माणसं राहिली होती. थोरली गप्प झाली. मी पाव काढून दिला, तो तिनं परत पिशवीत टाकला. मग माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मला रक्त येतंय."

रांग सोडली. भुंग्याला सांगितलं, चर्च बंद झालं. त्याच्या डोळ्यांसमोर माणसं आत जात होती, तरी तो माझा हात धरून चालू लागला. शहाणा आहे. समोरच्या कॉफीच्या दुकानात शिरलो, ती तिथल्या संडासात गेली. शेजारच्या औषधाच्या दुकानातून हवं ते आणलं, तोवर भुंग्याला दाराशी पहारेकरी नेमलं होतं. मग दाराच्या फटीतून ते आत सरकवलं. ती आतून विचारत होती, मी बाहेरून सांगत होते. दहा मिनिटं तरी गेली असतील. आयुष्यभर नर्सांमध्ये काढलेली बाई मी, आणि दाराला कपाळ टेकून उभी होते. मध्ये दार होतं ते बरं झालं.

बाहेर आली ती रडत. "आई हवी होती," म्हणाली. मी म्हटलं, हो, हवी होती. तुम्हाला खूश करायला हे लिहीत नाही. त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला, तुम्ही तिथं नव्हता म्हणून. प्रवास तुम्ही मागितला होतात आणि मीच दिला नाही, हे थोड्या वेळानं आठवलं.

आता ती बरी आहे. माझा रुमाल कमरेला बांधून हिंडते आहे. थोडं पोट दुखतं, गरम पाण्याची बाटली दिली. उद्या व्हेनिसला जायचं तसंच ठेवलं आहे, तिलाच विचारून.

तिनं मला शपथ घातली आहे. "आईला मी सांगणार. तू सांगायचं नाहीस." मी शब्द दिला. आणि आता ती दोघं खिडकीशी बसून आइस्क्रीम खात आहेत, आणि मी हॉटेलच्या काउंटरवर उभी राहून तो शब्द मोडते आहे. माझी मुलगी असती आणि तुम्ही मला न कळवता राहिला असतात, तर मी तुम्हाला मरेपर्यंत माफ केलं नसतं.

आज सात वाजता ती तुम्हाला एवढंच सांगेल की चर्च छान होतं. घरी आल्यावर ती सांगेल तेव्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐका. तिच्याकडून ओढून काढू नका.


४ जुलै

बाई,

पत्र तुमच्या आधी दोन दिवस पोचलं. मी लॅबमध्ये घेऊन गेले होते, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. त्यानंतर जी कवळी मेणात लावली तिच्यात दोन दात उलटसुलट बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांनी माझं काम परत पाठवलं.

एकवीस तारखेच्या संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, चर्च छान होतं. मी विचारलं, आत काय होतं? म्हणाली, खूप मोठं होतं. मी म्हटलं, बरं. मला काही कळलं नाही. आई म्हणवते आणि तिच्या आवाजातून मला कळलं नाही, तुमच्या अक्षरातून कळावं लागलं. याबद्दल मी तुम्हाला माफ करेन असं वाटत नाही.

घरी आल्यावर तीन दिवस ती बोलली नाही. मी वाट पाहिली. अशी वाट पाहणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. तिच्या मागे मागे खोलीतून खोलीत गेले, कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घातल्या, एक शब्द विचारला नाही. चौथ्या दिवशी मी भांडी पुसत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, एक झालं." मी हातातलं ताट सोडलं. जरा जास्तच झालं, पण तिला पटलं.

मग सगळं सांगितलं. रांग, दार, फटीतून सरकवलेलं पाकीट. "ती बाहेरून सगळं नीट सांगत होती," म्हणाली, "पण आवाज कापत होता. मला वाटलं, तिलाही पाळी पहिल्यांदाच आली आहे." आणि हसली. मीही हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

झोपायला जाताना तिनं विचारलं, "तुला आधी माहीत होतं?" मी नाही म्हटलं. तुमच्यापायी मी माझ्या मुलीशी खोटं बोलले.

दिलेला शब्द तुम्ही मोडलात, हे मला आवडलेलं नाही. पाळला असतात तर तेही आवडलं नसतं. तिला हे कधी कळता कामा नये. ती मोठी होईल, तिचं लग्न होईल, तरी नाही. म्हणजे आता आपल्या दोघींत एवढं एक राहणार, आणि तुमच्याबरोबर माझं काही असावं असं मला कधीच वाटलं नव्हतं.

वाचून झालं की हे फाडून टाका. तुमचं मी फाडलं.

थोरलीची आई